संशयाची बाब ऑडिट कमिटीपर्यंत पोहोचवताना: वैधानिक लेखापरीक्षणात नव्याने येणाऱ्यांसाठी

कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १४३(१२) आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीची उमेदवारी) करणाऱ्या बहुतेक मुलामुलींना पाठ असते. गैरव्यवहार एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचा असेल तर केंद्र सरकारकडे आणि त्याहून कमी असेल तर ऑडिट कमिटीकडे (लेखापरीक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या संचालकांच्या समितीकडे) किंवा संचालक मंडळाकडे कळवायचे, हे उत्तर लिहून परीक्षेत गुणही मिळतात. प्रत्यक्ष कामात अडचण कलम आठवण्याची नसते. वर्किंग पेपरमध्ये (लेखापरीक्षणाच्या कामाच्या कागदांमध्ये) सापडलेली विसंगती कमिटीच्या टेबलावर जाईपर्यंत मध्ये जी माणसे, ज्या बैठका आणि जे संकोच असतात, तिथे ती अडते. मुंबईत, आधी फोर्टमधल्या एका लहान फर्ममध्ये आणि नंतर मोठ्या फर्ममध्ये, हे काम करताना या मधल्या वाटेबद्दल मला कोणी नीट सांगितले नव्हते, म्हणून त्यावरच अधिक लिहिणार आहे.

चौकट थोडक्यात सांगते. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी किंवा कर्मचाऱ्यांनी कंपनीत गैरव्यवहार केला आहे किंवा करत आहेत असे मानण्यास लेखापरीक्षकाला आपल्या कामाच्या ओघात कारण मिळाले, तर कळवण्याचे कर्तव्य सुरू होते. रक्कम एक कोटी किंवा अधिक असेल, किंवा तेवढी असण्याची शक्यता असेल, तर बाब समजल्यापासून दोन दिवसांच्या आत कमिटीला किंवा मंडळाला लेखी कळवून ४५ दिवसांत उत्तर मागायचे असते. उत्तर आल्यावर आपल्या अभिप्रायासह १५ दिवसांत एडीटी-४ नमुन्यात केंद्र सरकारकडे पाठवायचे असते आणि उत्तर आलेच नाही तर तसे नमूद करून पाठवायचे असते. रक्कम कमी असेल तर सरकारकडे जावे लागत नाही, मात्र कमिटीला किंवा मंडळाला दोन दिवसांत कळवावेच लागते, आणि त्यात गैरव्यवहाराचे स्वरूप, अंदाजे रक्कम व गुंतलेल्या व्यक्ती यांचा उल्लेख लागतो. ‘एक कोटीच्या आत आहे, म्हणजे तोंडी सांगितले तरी चालेल’ ही समजूत मी आजही अनुभवी लोकांच्या तोंडून ऐकते. ती साफ चुकीची आहे.

आता त्या सापळ्याकडे येते, ज्यात आमची टीम सापडली होती. कंपनी शेअर बाजारात सूचीबद्ध होती, मुख्य कार्यालय अंधेरीला आणि मोठे गोदाम भिवंडीला. वाहतूक खर्च तपासताना काही बिलांवरचे वाहन क्रमांक त्या तारखांच्या गेट रजिस्टरमध्ये कुठेच दिसेनात. ई-वे बिलाच्या (मालवाहतुकीसाठी काढायच्या ऑनलाइन कागदाच्या) भाग-ब मध्ये त्याच मालासाठी वेगळी वाहने नोंदलेली होती. दोन वाहतूकदारांचा जीएसटी नोंदणीचा पत्ता एकच निघाला आणि तो पत्ता कंपनीच्याच वाहतूक विभागातील एका अधिकाऱ्याच्या कर्मचारी नोंदीतील पत्त्याशी जुळत होता. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर तिचे काही ना काही स्पष्टीकरण निघाले असते, परंतु चारही एकाच बिलाभोवती जमल्यावर त्याला केवळ तफावत म्हणणे प्रामाणिकपणाचे नव्हते.

मी त्या कामावर सिनियर होते. मॅनेजरांना सर्व कागद दाखवले आणि त्यांनी ते मनापासून पाहिले. ‘आधी सीएफओंशी (मुख्य वित्त अधिकाऱ्यांशी) बोलून घेऊ, त्यांची बाजू ऐकल्याशिवाय कमिटीकडे जाणे योग्य दिसत नाही,’ असे ते म्हणाले, आणि त्या वेळी मला त्यात काहीही वावगे वाटले नाही. सीएफओंनी शांतपणे ऐकून घेतले, अंतर्गत चौकशी लावतो, तिमाही निकालाआधी उत्तर देतो, असे सांगितले. त्यानंतर आम्ही थांबलो. मधल्या काळात आधीच्या महिन्यांची गेट रजिस्टरे मागितली, तेव्हा ती दुसऱ्या गोदामात हलवली आहेत असे कळले, आणि ती काही आली नाहीत. कमिटीपुढच्या सादरीकरणात आमचे निरीक्षण ‘वाहतूक खर्चातील काही बिलांची जुळवणी प्रलंबित’ या एका ओळीत बसले होते. स्वतंत्र संचालकांनी त्यावर प्रश्न विचारला नाही, कारण विचारण्यासारखे त्या ओळीत काही नव्हतेच. पुढे सही करणाऱ्या पार्टनरांनी फाइल वाचताना विचारले, की कमिटीला हे कोणत्या तारखेला कळवले, तेव्हा आमच्यापैकी कोणाकडेही सांगण्यासारखी तारीख नव्हती. त्यांनी त्याच दिवशी कमिटीच्या अध्यक्षांना पत्र पाठवले. मागच्या वर्षांची बिले मोजल्यावर रकमेचा अंदाजही आधीपेक्षा बराच वाढला.

या प्रसंगात आमच्या टीममधले कोणी खोटे बोलले नव्हते आणि मुद्दाम काही लपवलेही नव्हते, म्हणूनच हा सापळा नव्या माणसाला ओळखू येत नाही. व्यवस्थापनाकडे चौकशी करणे आणि कमिटीला कळवणे ही दोन वेगळी कामे आहेत. गैरव्यवहाराच्या जोखमीबद्दल व्यवस्थापनाला प्रश्न विचारणे एसए २४० (एसए म्हणजे लेखापरीक्षणाचे मानक) नुसार आवश्यकच आहे, त्यामुळे सीएफओंकडे जाण्यात चूक नाही. चूक होते ती त्या भेटीला ‘कळवले’ असे धरून चालण्यात. सीएफओ म्हणजे ऑडिट कमिटी नव्हे. ते व्यवस्थापनाचा भाग आहेत आणि ज्या नियंत्रणांतून ही बिले मंजूर झाली ती नियंत्रणे त्यांच्याच देखरेखीखाली आहेत. व्यवस्थापनाशी बोलायचेच असेल तर संशयित व्यक्तीच्या निदान एक पायरी वरच्या माणसाशी बोलावे, आणि तो माणूसही संशयाच्या परिघात असेल किंवा अंतर्गत नियंत्रणात त्याची मोठी भूमिका असेल, तर थेट कमिटीकडे जावे.

दुसरी गोष्ट काळाची. सूचीबद्ध कंपनीच्या ऑडिट कमिटीच्या, सेबीच्या (शेअर बाजार नियामकाच्या) नियमांनुसार, वर्षातून किमान चार बैठका व्हाव्या लागतात आणि दोन बैठकांमध्ये १२० दिवसांपर्यंत अंतर चालते. तुमच्याकडे दोन दिवस आहेत. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले, की ‘पुढच्या बैठकीत मांडू’ हे वाक्य किती घातक आहे ते लक्षात येते. बैठकीची वाट पाहायची नाही. पत्र किंवा ईमेल कमिटीच्या अध्यक्षांच्या नावे जायला हवे, त्याची पोच फाइलमध्ये असायला हवी, आणि मग बैठकीत त्यावर हवी तेवढी चर्चा व्हावी.

हे दोन दिवस मोजायचे कधीपासून, यावर मी स्वतः बराच काळ गोंधळलेली होते. नुसती शंका आली म्हणून घड्याळ सुरू होत नाही. बिल दोनदा नोंदले गेले असेल, रजिस्टर भरणारा त्या दिवशी रजेवर असेल, तर ती चूक आहे, आणि चुकीला गैरव्यवहार म्हणणे हेही कर्तव्याला सोडूनच आहे. परंतु पुरावा तपासून, हेतूपुरस्सर काही घडले आहे असे मानण्यास आधार मिळाला, की त्यानंतर आणखी खात्रीसाठी चौकशी लांबवत नेणे म्हणजे मुदत टाळणे होय. गुन्हा सिद्ध करणे हे लेखापरीक्षकाचे काम नाही, ते न्यायालयाचे आहे. म्हणून पहिल्याच दिवशी एक टिपण लिहावे: काय पाहिले, कोणत्या कागदावर पाहिले, त्यावरून काय वाटले, कोणाला आणि कधी सांगितले. तारीख आणि वेळ लिहिण्यात कंटाळा करू नका. ‘केव्हा कळले’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर पुढे त्या टिपणातूनच देता येते.

पत्राची भाषा साधी आणि थेट असावी. ‘अमुक कालावधीतील इतक्या बिलांच्या बाबतीत माल वाहून नेल्याचा पुरावा मिळाला नाही, दोन पुरवठादारांचा पत्ता कंपनीच्या कर्मचाऱ्याच्या पत्त्याशी जुळतो, आजच्या माहितीनुसार रक्कम अंदाजे इतकी आहे आणि मागील वर्षे तपासल्यावर ती वाढू शकते’ एवढे पुरेसे असते. विशेषणे नकोत, आरोप नकोत, आणि वाचणाऱ्याला काही कळूच नये अशी गुळगुळीत वाक्येही नकोत. अंतर्गत नियंत्रणातील महत्त्वाच्या उणिवा लेखी कळवणे एसए २६५ नुसार बंधनकारक आहे, त्यामुळे गैरव्यवहाराबरोबर ज्या फटीतून तो शिरला ती फटही लिहावी. कलम १७७ नुसार कमिटीत किमान तीन संचालक आणि त्यांत स्वतंत्र संचालकांचे बहुमत असते. लेखापरीक्षण अहवालावर विचार होत असताना लेखापरीक्षकाला तिथे आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे, मतदानाचा नाही. व्यवस्थापनाच्या अनुपस्थितीत कमिटीशी काही वेळ बोलायला मिळावे अशी विनंती जे पार्टनर दरवर्षी करतात, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, कारण संकट आल्यावर पहिल्यांदाच अशी वेळ मागितली तर तीच मोठी बातमी होऊन बसते.

झटपट मार्गांबद्दल माझी मते ठाम आहेत. व्यवस्थापनाचे लेखी निवेदन घेतले की विषय संपला, असे शिकवणाऱ्यांपासून दूर राहा. ते निवेदन आवश्यक आहे, पण एकट्याने पुरेसा पुरावा ठरत नाही, हे एसए ५८० मध्येच स्पष्ट म्हटले आहे. बँकेकडून शिल्लक रकमेची खातरजमा मागवताना पत्र क्लायंटच्या हाती देऊन उत्तरही त्यांच्याकडूनच घेणे हा दुसरा प्रकार. सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून जी कबुली दिली, तिच्यानुसार ताळेबंदावर दाखवलेली रोख व बँक शिल्लक मोठ्या प्रमाणावर अस्तित्वातच नव्हती. एवढे उदाहरण डोळ्यांसमोर असूनही पुष्टिपत्रांवरचा ताबा आपल्या हातात ठेवण्याचा कंटाळा केला जातो, याचे मला दुःख होते. आपल्या फोर्टमधल्या ब्रॅडी हाउस शाखेतून पंजाब नॅशनल बँकेच्या हमीपत्रांचे जे प्रकरण २०१८ मध्ये उघडकीस आले, त्यात स्विफ्टवरून (बँकांमधील संदेशवहन यंत्रणेवरून) गेलेले संदेश बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत नोंदलेच जात नव्हते. जी नोंद पुस्तकात नाही ती पुस्तकातून नमुना निवडून कधीच सापडणार नाही, म्हणून बाहेरच्या कागदावरून पुस्तकाकडे येण्याची सवय लावून घ्या. भिवंडीच्या गेट रजिस्टरने आम्हाला तेच शिकवले.

लेखापरीक्षक हा राखण करणारा कुत्रा आहे, माग काढणारा नव्हे, हे इंग्लंडमधल्या १८९६ सालच्या किंग्स्टन कॉटन मिल खटल्यातले वाक्य आपल्याकडे ढाल म्हणून वापरले जाते. माझ्या मते आजच्या कायद्यात ती ढाल फार काळ टिकत नाही. जर्नल नोंदी तपासणे, अंदाजांमधील कल पाहणे, महसुलात गैरव्यवहाराची जोखीम गृहीत धरणे, ही सर्व कामे मानकांनी आपल्यावर सोपवलेली आहेत. राखण करणाऱ्यानेही चाहूल लागल्यावर भुंकायचे असतेच.

भीती वाटते, हे मी नाकारणार नाही. क्लायंट जाईल, फर्ममध्ये आपल्याला भांडखोर म्हणतील, निरपराध माणसाचे नाव आपल्यामुळे खराब होईल, या तिन्ही भीती मी अनुभवल्या आहेत. पैकी तिसरी सर्वांत खरी आहे, आणि तिच्यावरचा उपाय म्हणजे गुप्तता. लोकलमध्ये, फर्मच्या व्हॉट्सॲप गटावर, जेवणाच्या टेबलावर त्या कंपनीचे नाव काढू नका. गुप्तता भंग केल्याचा ठपका येईल का, ही शंका मात्र मनातून काढून टाका: कलम १४३(१३) नुसार सद्भावनेने केलेल्या अशा अहवालामुळे लेखापरीक्षकाने आपले कोणतेही कर्तव्य मोडले असे मानले जात नाही. उलट न कळवल्यास सूचीबद्ध कंपनीच्या बाबतीत पाच लाख आणि इतर कंपन्यांच्या बाबतीत एक लाख रुपयांचा दंड आहे, आणि व्यावसायिक गैरवर्तनाची कारवाई वेगळी.

राजीनामा देऊन सुटता येईल असे काहींना वाटते. एनएफआरएने (लेखापरीक्षकांवर देखरेख ठेवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाने) जून २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे, की राजीनाम्यामुळे गैरव्यवहार कळवण्याची जबाबदारी संपत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही, आयएल अँड एफएस समूहाशी संबंधित प्रकरणात, लेखापरीक्षकाने राजीनामा दिल्याने कलम १४०(५) खालची (गैरव्यवहारात सामील लेखापरीक्षकाला हटवण्याची) कारवाई थांबत नाही असा निर्णय दिला.

आर्टिकल किंवा सहायक म्हणून काम करताना कमिटीला पत्र लिहिणे तुमच्या हातात नसते, ते सही करणाऱ्या पार्टनरचे काम आहे. तुमच्या हातात इतकेच असते, की पाहिलेली गोष्ट लेखी स्वरूपात वर जावी आणि पार्टनरपर्यंत जावी, केवळ मॅनेजरपाशी थांबू नये. मॅनेजरांना आदराने सांगावे, ‘सर, हे टिपण मी फाइलमध्ये लावते आहे, आपण पाहून घ्यावे.’ चांगला वरिष्ठ यावर रागावत नाही. ‘हे कुठून कळले, कागद दाखव’ असे विचारणारा वरिष्ठ मिळाला तर त्याची फर्म लहान आहे म्हणून सोडून जाऊ नका. मोठ्या नावाच्या फर्ममध्ये मागच्या वर्षीची फाइल नक्कल करून तारखा बदलायला लावणारे वरिष्ठही असतात. टिपण नंतर काढून टाकायला सांगितले, तर तसे करू नका. अहवालाच्या तारखेपासून ६० दिवसांत फाइलची अंतिम जुळणी झाल्यावर कागद काढणे मानकांना मंजूर नाही, आणि त्याआधीही महत्त्वाच्या बाबीवरचा निष्कर्ष व त्यामागचा विचार फाइलमध्ये राहिलाच पाहिजे.

शेवटी कारो २०२० मधल्या (लेखापरीक्षण अहवालात काय लिहायचे हे सांगणाऱ्या सरकारी आदेशातल्या) अकराव्या खंडाकडे लक्ष द्या. त्यात वर्षभरात आढळलेला किंवा कळवलेला गैरव्यवहार, एडीटी-४ दाखल झाला आहे का, आणि जागल्यांकडून (गैरप्रकारांची माहिती देणाऱ्यांकडून) कंपनीकडे आलेल्या तक्रारींचा विचार केला आहे का, हे तिन्ही लिहावे लागते. तक्रारींचे रजिस्टर बहुतेक टीम सही होण्याच्या आठवड्यात मागवतात, तेव्हा ते वाचायला कोणालाही सवड नसते. ते काम सुरू करतानाच, नमुने निवडण्यापूर्वी मागवा, कारण कोणत्या विभागाची बिले आधी उघडायची हे अनेकदा त्यातल्या एखाद्या निनावी तक्रारीवरूनच ठरवता येते.