पोलीस भरतीची तयारी करताय? टाइमटेबलच्या आधी सोबत कोण आहे ते बघा

गावाकडच्या पोरींचे मेसेज येतात, ताई टाइमटेबल पाठवा की. पोलीस ड्युटीवरून आल्यावर उत्तर द्यायचं राहून जातं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, पोरांना पण चालेल. टाइमटेबल सगळ्यांचं सारखंच असतं हो. पहाटे ग्राउंड, दुपारी गणित, संध्याकाळी जीके. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कॉट बेसिसवरच्या कुठल्याही रूममधे डोकावून बघा, भिंतीला तेच चिकटवलेलं असतंय. एवढं करून त्या रूममधली एखादीच लागते आणि बाकीच्या पुढची जाहिरात कधी येणार म्हणून टेलिग्राम बघत बसतात. मी जेवढं बघितलं त्यावरून सांगते, पहाटे साडेचारला उठायची ताकद सुरुवातीला आपल्यात नसतेच, ती दुसऱ्याकडून उसनी घ्यावी लागते, आणि कुणाकडून घेताय त्यावर पुढचं बरंचसं ठरतं.

आधी अगदी नवीन असणाऱ्यांसाठी माहिती, ज्यांना पाठ आहे त्यांनी हा पॅरा सोडा. शिपाई पदाला बारावी पास लागतं. मैदानी ५० मार्कांची, लेखी १०० ची. मुलींना ८०० मीटर पळणं २० मार्कांना, १०० मीटर १५ ला आणि ४ किलोचा गोळा १५ ला. मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि ७.२६० किलोचा गोळा, मार्क तसेच. ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदात काढलं की पूर्ण २०, मुलांना १६०० ला ५ मिनिटं १० सेकंद. गोळा मुलींनी ६ मीटर आणि मुलांनी साडेआठ मीटर टाकला की पूर्ण १५. मैदानीत निम्मे मार्क तर पाहिजेतच, पण निम्म्यावर भागत नाही कारण लेखीला एका जागेमागं दहाच जण बोलावतात. लेखीत गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण आणि जीके-चालू घडामोडी, वेळ दीड तास. जाहिरात आली की उंची, छाती, वय हे सगळं त्यात परत एकदा नीट वाचा, मित्राने सांगितलं म्हणून धरून चालू नका.

आता मुद्द्याचं. मी विद्यापीठाकडं पळायला जायचे. तिथं एक मिलिटरीतनं रिटायर झालेले सुभेदार यायचे, सगळे मामाच म्हणायचे. ते कुणाचे कोच नव्हते, फी नव्हती, ॲकॅडमी नव्हती, स्वतः फिरायला यायचे आणि पोरं पळताना बघून त्यांना राहवायचं नाही एवढंच. त्यांच्या स्वेटरच्या खिशात साखर कारखान्याची जुनी डायरी असायची, सभासदांना वाटतात तसली, आणि बारीक झालेली पेन्सिल. मी पळताना सारखी मनगटाकडं बघायचे तर पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "पोरी, घड्याळ इकडं दे. बघायचं काम माझं, तू पळ." तेव्हापासून दर दोनशे मीटरचा टाइम ते लिहायचे. शेजारी दव, चिखल, वारं, काय असेल ते एका शब्दात. आणि जो आला नाही त्याच्या नावापुढं आडवी रेघ. शिव्या नाहीत, फोन नाही, नुसती रेघ. पाय दुखत होता म्हणून कुणी दुसऱ्या दिवशी सांगायला गेलं की म्हणायचे, "मग तसं सांगायला चालत यायचं."

तुम्हाला गंमत वाटेल, पण मला अलार्मने कधी उठवलं नाही, त्या रेघेने उठवलं. थंडीत पांघरुणातून पाय बाहेर काढताना ध्येय, वर्दी, आईबापाचे कष्ट यातलं काहीही आठवत नाही, निदान मला तरी नाही आठवायचं. डोळ्यासमोर यायचं ते एवढंच की मामा आता पेन्सिल काढतील. मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघण्यात पोरं रोज अर्धा अर्धा तास घालवतात, त्यापेक्षा आपण गेलो नाही तर ज्याला कळेल असा एक माणूस गाठा. आई नको, आई माया करते आणि झोपू दे म्हणते.

त्या डायरीचा अजून एक फायदा झाला. ८०० म्हणजे चारशेच्या ट्रॅकवर दोन राउंड, आणि नवीन पोरगी पहिला राउंड जीव तोडून पळते आणि तिसऱ्या दोनशेला तिचे पाय जड होतात. आकडे समोर असले की हे भांडण न करता पटतं. मामा म्हणायचे पहिला राउंड ८३ सेकंदाच्या आत नको, जोर शिल्लक ठेव. आठवड्यातनं दोनदा चार-पाच किलोमीटर सावकाश, दोनदा दोनशे-चारशेचे तुकडे मधे विश्रांती घेऊन, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. सुट्टी हा शिस्तीचाच भाग आहे हे पोरांना पटत नाही. रोज डांबरी रस्त्यावर पळून नडगी धरून बसलेले किती तरी बघितले. मातीवर पळा. रंकाळा तलावाच्या कडेला पळायला भारी वाटतं खरं, पण तिथं फरशी आणि फिरायला आलेली गर्दी, ते संध्याकाळी फिरायलाच ठीक आहे.

मामांशिवाय दोन माणसं सांगते. एक पन्हाळ्याकडची पोरगी, माझ्यापेक्षा बारीक, बोलायची कमी. ती कायम माझ्या अर्धा पाऊल पुढं पळायची आणि मागं न बघता म्हणायची, "मी पळतो, तू नुसती माझ्या मागनं ये." तिच्या वेणीच्या टोकाला लाल रबर होतं, शेवटच्या दोनशेला मी त्या रबरावर नजर ठेवून पळायचे. दुसरा तालमीतला एक दादा. गोळा मी चेंडूसारखा फेकायचे आणि रात्री कोपर दुखायचं, तो लांबून बघून आला आणि म्हणाला, "हातानं काय टाकतीस, मांडीनं टाक की." मग गोळा तळहातावर न ठेवता बोटांच्या मुळाशी कसा धरायचा, जबड्याखाली मानेला कसा टेकवायचा, गुडघ्यात वाकून खालून जोर कसा आणायचा हे त्याने एका सकाळीत दाखवलं. कोल्हापूरचा हा मोठा फायदा आहे, तालमीमुळे इथं अंगमेहनत समजणारी माणसं गल्लीगल्लीत आहेत, आणि आदराने विचारलं तर सांगतात. विचारायला लाजू नका, खास करून पोरींनी.

खाशाबा जाधवांचं बघा. कराडजवळच्या गोळेश्वरचे, शिकायला कोल्हापूरला राजाराम कॉलेजला. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले, मातीतला गडी मॅटवर सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे करून दिले आणि खाशाबा ब्राँझ घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. पुढं १९५५ ला पोलीस खात्यातच सबइन्स्पेक्टर म्हणून लागले, म्हणजे आपलेच सीनियर. मला मेडलपेक्षा ते गहाण घर जास्त लक्षात राहतंय. मेहनत सगळी खाशाबांचीच, ती कोण दुसरा करून देत नाही, पण खर्डेकर सर नसते तर हेलसिंकी हुकलीच असती की.

आता उलट्या बाजूची माणसं, कारण ती पण तेवढाच परिणाम करतात आणि गोड बोलून करतात. ग्राउंड सुटलं की चहाच्या गाड्यावर एक घोळका असतो. त्यातले दोन-तीन जण चार-पाच वर्षं "तयारी करतायत". त्यांना सगळं माहीत असतं, कुठल्या जिल्ह्याला कट-ऑफ किती लागला, कुठल्या ग्राउंडला उतार आहे, कुणी कुठनं सेटिंग केलं. ऐकायला लई भारी वाटतं आणि आपण अभ्यासच करतोय असं वाटत राहतं, साडेसातला बसलेली पोरं साडेनऊला उठतात, वर एक मिसळ, मग रूमवर जाऊन झोप. ती माणसं वाईट नसतात, उलट लई जीव लावतात. पण रोज त्यांच्यात बसलं की न लागणं हीच नॉर्मल गोष्ट वाटायला लागते. चहा घ्या, उभ्याने घ्या, निघा. आणि सेटिंग करून देतो, अमुक लाख द्या असं म्हणणारा भेटला तर त्याच्याशी दोस्ती सुद्धा ठेवू नका, पैसे तर जातातच आणि गुन्हा दाखल झाला की आयुष्यभराची सरकारी नोकरी जाते. ताकदीच्या इंजेक्शनवाल्यांचं पण तेच. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, केळं, दूध, भाकरी यावर मी पळाले, मेसचं तेलकट जेवण सोडून दुसरं काही सोडलं नाही.

कोल्हापुरात अजून एक अडचण म्हणजे इथं कायम काहीतरी चालू असतं. फुटबॉलचा सीझन आला की पेठेतली पोरं शाहू स्टेडियमवर, मग जोतिबाची यात्रा, मग गावोगावच्या जत्रा आणि प्रत्येक पाहुण्याकडं तांबडा-पांढरा. सगळंच टाळा असं मी म्हणणार नाही, तसं कुणी जगू शकत नाही. मी गावची जत्रा आणि दिवाळी ठेवली आणि बाकीच्यांना आधीच सांगून टाकलं की येणार नाही. एकदा सांगून टाकलं की लोक रुसतात, थोडे दिवस बोलतात, मग बोलवायचे थांबतात. ऐनवेळी नाही म्हणण्यात जास्त ताकद जाते.

घरचं सांगायला पाहिजे, पोरींना हा भाग जास्त लागू. स्थळं येत राहतात. आमच्यात आत्या म्हणायची, पोरीची जात, पळून काय करणार. वाद घालून उपयोग झाला नाही. मग मी मामांच्या डायरीतलं पान फोटो काढून वडिलांना दाखवलं, महिन्यापूर्वी टाइम किती होता आणि आता किती आहे. वडिलांना पळण्यातलं कळत नाही पण उसाचा काटा आणि टनेज कळतं, आकडा कमी-जास्त झालेला बरोबर समजला. त्यांनी आत्याला एवढंच सांगितलं, एक भरती होऊ दे मग बघू. घरच्यांना स्वप्नं सांगू नका, आकडे दाखवा.

अभ्यासाचं थोडक्यात, कारण ते बाकीच्यांनी पुष्कळ लिहिलंय. अभ्यासिका लावा, फोन रूमवर ठेवून जा. गणित रोज, एकही दिवस खाडा नको, आणि चुकलेली उदाहरणं वेगळ्या वहीत. अभ्यासिकेत कुणाशेजारी बसायचं ते पण बघा, मी मुद्दाम एका एमपीएससी करणाऱ्या अक्कांच्या शेजारची खुर्ची धरली. त्या तीन तास जागच्या हलायच्या नाहीत आणि मग आपल्याला पण दर वीस मिनिटांनी पाणी प्यायला उठायची लाज वाटते. बोलणं आमचं फार कमी झालं, व्याकरणातला समास मात्र त्यांनीच समजावला.

पुढं काय झालं, की मामा मुलाकडं पुण्याला गेले. पन्हाळ्याची पोरगी दुसऱ्या जिल्ह्यात लागली. ग्राउंडवर ओळखीचं कुणी उरलं नाही आणि पावसाळा लागला. माझ्या मते खरी परीक्षा इथं असते, आणि बरेच जण इथंच सुटतात. मी दुकानातनं साधी डायरी आणली आणि रेघा स्वतःच मारायला लागले. सुरुवातीला दोन-चार रेघा पडल्या पण. मग दोन नवीन बारक्या पोरी यायला लागल्या, त्यांचा टाइम मी घ्यायला लागले, आणि त्या येऊन थांबतील म्हणून मला जावंच लागायचं. त्यांना वाटायचं ताईमुळे आपण येतोय, आणि इकडं मी त्यांच्यामुळे पहाटे उठत होते. तुमची सोबत तुटली तर हे करून बघा, नवीन असणाऱ्या कुणाला तरी हाताशी धरा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. एका पदासाठी एकाच जिल्ह्यात फॉर्म भरता येतो, त्यामुळे सगळा ग्रुप अमुक जिल्ह्यात भरतोय म्हणून तुम्ही पण तिकडंच भरू नका. तुमच्या कॅटेगरीला जागा किती आणि तुमचा मैदानीचा खरा मार्क किती, घड्याळात आलेला, मनातला नाही, एवढं कागदावर मांडा आणि एकट्याने ठरवा. दुसरं, वयाची अट बघून आधीच ठरवा किती भरत्या द्यायच्या. शेजारी ग्रॅज्युएशन, आयटीआय, टायपिंग, काहीतरी चालू ठेवा. गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत शिफ्टची नोकरी करत तयारी करून लागलेली पोरं माझ्या ओळखीत आहेत, आणि दिवसभर मोकळी असणाऱ्यांपेक्षा त्यांचा वेळ कमी वाया जायचा.

ग्राउंडच्या दिवसाचं सांगते आणि थांबते. भरती पावसात पण होते, २०२४ ला १९ जूनला मैदानी सुरू झाली होती, तेव्हा चिखलात, भिजलेल्या बुटात पळायची सवय असू दे. नवीन बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. दाखले जाहिरातीतल्या तारखेच्या आतले आहेत का ते आधी बघून फाईल लावा, झेरॉक्सचे दोन सेट. आणि सोबत सगळा गोतावळा नेऊ नका, गेटबाहेर दहा जण उभे असले की आत जाताना छाती उगाच धडधडते. एकच माणूस न्या, कमी बोलणारा. फोन आणि चप्पल त्याच्याकडं द्या आणि आत जा.