शिलोंड्याच्या वाटेवर ओढ्याकाठी कसे चालावे

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील शिलोंड्याची वाट चढउताराच्या दृष्टीने सोपी असून तिला गिर्यारोहणाचा अनुभव लागत नाही. परंतु सोपी म्हणून जो ती भराभर उरकतो, त्याला जंगल फारसे दिसत नाही आणि ओढ्यात पायही बहुधा त्याचाच घसरतो. म्हणून नेहमीच्या निम्म्या वेगाने चालायचे, असे आधीच ठरवून निघावे.

ही वाट कोणालाही केव्हाही फिरता येईल अशी नाही. उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्राकडे आगाऊ चौकशी करून परवानगी घ्यावी आणि वाटाड्यासोबतच जावे. उद्यान सोमवारी बंद असते.

माझ्या मते ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ उत्तम, कारण तेव्हा ओढ्याला पाणी असते आणि पाय ठेवायला दगडही उघडे पडलेले असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी आटते, पण पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. भर पावसात मात्र पाण्याजवळ जाऊ नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा याच उद्यानातील तुळशी तलावातून निघणाऱ्या दहिसर नदीने काठच्या वस्त्यांची काय दशा केली, हे उपनगरवासी विसरलेले नाहीत. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वरच्या अंगाला सर कोसळलेली असू शकते. त्यामुळे पाणी गढूळ होऊन त्यात पालापाचोळा वाहू लागला, की तत्काळ काठ चढून वर यावे.

अंगात मातकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे, लांब मोजे आणि तळाला खाचा असलेले बूट असावेत. माणशी दोन लिटर पाणी घ्यावे. अत्तर लावू नये, कारण उग्र वासाने आग्या मोहोळाच्या माश्या चवताळू शकतात.

वाटेवर दर थोड्या अंतराने थांबून समोर चेहऱ्याच्या उंचीवर नजर टाकावी. पावसाळ्यानंतर दोन झाडांच्या मध्ये महाकाय वनकोळ्याचे जाळे ताणलेले आढळते. त्याचे धागे उन्हात सोनेरी चमकतात, मधोमध तळहाताएवढी काळी-पिवळी मादी स्थिर बसलेली असते आणि नीट पाहिल्यास जवळच तिचा चिमुकला, तांबूस नर दिसतो. ते जाळे काठीने बाजूला सारण्याचा मोह अनेकांना होतो. त्याऐवजी वाकून खालून जावे आणि मागच्यालाही सांगावे.

ओढा ओलांडताना खरी काळजी घ्यावी लागते. काळा, ओला, चकाकणारा दगड टाळावा, कारण त्यावर शेवाळाचा पातळ थर असतो. कोरडा आणि खरबरीत दगड निवडून आधी निम्मा भार टाकून तो हलतो का ते पाहावे, मग संपूर्ण पाऊल टेकवावे. उडी मारू नये. दगडांचा भरवसा नसेल, तर घोट्याएवढ्या संथ पाण्यातून बूट घालूनच चालत जावे. बूट संध्याकाळपर्यंत वाळतात, मुरगळलेला पाय वाळत नाही.

येथे बिबट्यांचा वावर आहे. मुलांना मोठ्यांच्या मधोमध ठेवावे, कोणीही एकट्याने झुडपामागे जाऊन बसू नये आणि अंधार पडण्यापूर्वी सर्वांनी बाहेर पडावे. बिबट्या दिसलाच, तर पळू नये व खाली वाकू नये; त्याला वाट मोकळी ठेवून सावकाश मागे सरावे. सर्पदंश झाल्यास आवळून बांधणे, कापणे, चोखणे यांपैकी काहीही न करता तो अवयव हलणार नाही असा आधार द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

घरी परतल्यावर कपडे लगेच गरम पाण्यात टाकावेत आणि काखा, कंबर, गुडघ्यांमागची जागा नीट तपासावी. गोचीड चिकटलेली आढळल्यास तिला तेल किंवा चटका न देता चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढून काढावे, जागा साबणाने धुवावी, आणि पुढील दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात जाऊन आल्याचे आवर्जून सांगावे.