सोलरची तीन कोटेशनं समोर आली की

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या पाहुण्यांना विजेसाठी अदानी की टाटा, असं निवडता तरी येतं. आपल्याकडे गुहागर घ्या नाहीतर वेंगुर्ला, महावितरण एके महावितरण. दर आयोग ठरवतो, बिल येतं, आपण भरतो. भाव करायची संधी कोकणातल्या घराला एकदाच मिळते, ती सोलर बसवताना. आणि तिथेच माणसं खालचा ठळक आकडा बघून सही करून मोकळी होतात. माझी सगळी नोकरी एसटीच्या हिशेबखात्यात गेली, म्हणून वाडीतली कोटेशनं हल्ली माझ्या ओटीवर येतात. ती मी कशी वाचतो ते सांगतो.

वेंडरला, म्हणजे सोलर बसवून देणाऱ्याला, फोन करायच्या आधी विजेचं बिल काढा. त्यावर मागच्या महिन्यांचा वापर दिलेला असतो. बारा महिन्यांची बेरीज करून बाराने भागा. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे आणखी. शंभरानंतरचं युनिट पहिल्या शंभरातल्या युनिटाच्या जवळजवळ दुप्पट भावाने पडतं. वर वीज शुल्क १६ टक्के. म्हणजे सोलरची खरी कमाई शंभराच्या वरचं युनिट वाचवण्यात आहे. सरासरी शंभराच्या आतच असेल, तर घाई नको. फ्रिज जुना असेल तर तो आधी बदला, ते स्वस्तात पडेल.

घर वर्षातले दहा महिने बंद आणि गणपती-शिमग्याला उघडतं, अशा चाकरमान्यांना मी सरळ नको म्हणून सांगतो. आपण न वापरलेली जास्तीची युनिटं महावितरणकडे जाऊन पुढच्या महिन्यात जमा होतात हे खरं, पण ३१ मार्चला हिशेब मिटतो आणि उरलेल्या युनिटांना अगदीच किरकोळ भाव मिळतो. राहत्या घरालाही हे गणित लागू आहे. एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यात कामाला येते. पण ऑक्टोबर ते मार्च या स्वच्छ उन्हाच्या महिन्यांत साठवलेलं मार्चअखेर संपतं. म्हणून गरजेपेक्षा मोठा प्लांट घेऊ नका. एक किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिटं धरतात. आपल्या जून-जुलैत त्याच्या निम्मी मिळाली तरी पुष्कळ.

आता पोर्टल. ‘पीएम सूर्यघर’ या केंद्र सरकारच्या सोलर अनुदान योजनेच्या वेबसाइटवर आपला बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करायची. तिथेच नोंदणीकृत वेंडरांची यादी मिळते. अनुदान एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यापुढे कितीही असलं तरी ७८ हजार. यादीतल्या किमान तिघांकडून लेखी कोटेशन घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता आकडा पाठवणाऱ्याला पुन्हा विचारायचं नाही.

शेजारच्या वहिनींची तीन कोटेशनं बघा, म्हणजे मुद्दा कळेल. तिन्हींवर ‘३ किलोवॅट’ लिहिलेलं. पहिलं ९८ हजारांचं, दुसरं १ लाख ८६ हजारांचं, तिसरं २ लाख १० हजारांचं. वहिनी म्हणाल्या, “अण्णा, पहिलंच घेऊया ना, निम्म्यात होतंय!”

पहिल्याच्या तळाला बारीक अक्षरात होतं: अनुदान वजा जाता. अनुदान आपल्या बँक खात्यात नंतर येतं, वेंडरला पूर्ण रक्कम आपणच मोजायची असते. म्हणजे ९८ अधिक ७८, झाले १ लाख ७६ हजार. मग पॅनल मोजली. ५४० वॅटची पाच, म्हणजे २,७०० वॅट. तीन किलोवॅट नव्हेतच. अनुदान पॅनल आणि इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारं यंत्र) यांतल्या कमी क्षमतेवर ठरतं, तेव्हा ७८ हजारांऐवजी ७२,६०० मिळाले असते. उरलेल्या दोघांची पॅनल सहा, ३,२४० वॅट. आता एकूण रकमेला वॅटने भागा: पहिलं वॅटला ६५ रुपये, दुसरं ५७, तिसरं ६५ ला थोडं कमी. निम्म्यातलं म्हणता म्हणता तेच सगळ्यांत महाग निघालं.

मग ५७ वालं डोळे मिटून घ्यायचं का? नाही. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर असेल तर लोखंड कसलं आहे ते आधी बघायचं. त्या कोटेशनमध्ये नुसतं ‘जीआय स्ट्रक्चर’, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा सांगाडा, असं लिहिलं होतं. साध्या जीआयच्या कापलेल्या टोकांना आणि भोकांना खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो. कापून, भोकं पाडून झाल्यावर जस्ताच्या रसात बुडवलेलं, म्हणजे हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, असं स्पष्ट लिहून घ्या. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे हवेत. पॅनलना मिठाच्या फवाऱ्याची चाचणी झालेली आहे का, तेही विचारा. वाऱ्याचा वेग किती धरून सांगाडा केला आहे, हा प्रश्न दापोली-मंडणगडच्या माणसाला शिकवायला नको. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ त्याने पाहिलेलं आहे.

छप्पर कौलारू असेल तर वेंडर प्रत्यक्ष येऊन वासे बघून गेल्याशिवाय कोटेशन धरू नका. कौलावर पॅनल बसत नाही, ते वाशांना धरावं लागतं, आणि वाळवीने पोखरलेल्या वाशावर चढवलेलं ओझं पहिल्याच पावसात बोलतं. त्यापेक्षा न्हाणीघराचा स्लॅब किंवा खळ्यातली मोकळी जागा बरी. किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट धरा. माडाची सावली मात्र डिसेंबरात पाहायची, सकाळी नऊ ते दुपारी तीन. तेव्हा सूर्य दक्षिणेला खाली असतो आणि मेमध्ये कुठेच नसलेली सावली पॅनलवर येते. एका पॅनलवर झावळी आली तरी ओळीतल्या सगळ्यांची वीज पडू शकते. अर्थिंगचे खड्डे, तडित रोधक, नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा) यांचा खर्च धरला आहे की ‘वेगळा’ आहे, तेही बघा. जांभ्याच्या कातळात खड्डा मारायचा म्हणजे खर्चच.

लाइट गेली की पंखा चालेल का, हा प्रश्न सगळेच विचारतात. साध्या ऑन-ग्रिडवर, म्हणजे बॅटरीशिवाय महावितरणच्या लाइनला जोडलेल्या प्लांटवर, चालणार नाही. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून तो आपोआप बंद होतो. बॅटरीवाला हायब्रिड बराच महाग पडतो, त्याचा भाव ऑन-ग्रिडच्या भावाशी ताडून बघू नका. आणि ‘बिल शून्य’ म्हणणाऱ्याला स्थिर आकाराचं काय, ते विचारा. तो भरावाच लागतो.

जीएसटीही तपासा. सोलरच्या सामानावरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. जुन्या नमुन्यावर छापलेलं कोटेशन असेल तर नवीन मागा.

वहिनींनी शेवटी दुसऱ्यालाच तिसऱ्याच्या अटी दाखवल्या. हॉट डिपचा सांगाडा आणि अर्थिंग धरून तो २ लाख १ हजारावर आला, वॅटला ६२ रुपये. पाच वर्षांची देखभाल योजनेतच आहे, तिचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. माल आला की पॅनलवरचे आणि इन्व्हर्टरवरचे क्रमांक बिलाशी जुळवा. अनुदानासाठी पॅनल भारतीय सेलची लागतात, तसं प्रमाणपत्र घ्या. नेट मीटर बसून चालू होईपर्यंत दहा टक्के रक्कम हातात ठेवायची, आणि ही अट पहिला हप्ता देण्याआधीच कागदावर आणायची.