बारीची डाळ, अलिबागचे वाल

इटलीहून परत आल्यापासून आळीतल्या बायका एकच विचारतात, "ऑलिव्हचं तेल आणलंस की नाही?" आणलं होतं, दोन बाटल्या. त्यांचं काय झालं ते पुढे सांगते. पण उतारवयात भूमध्य समुद्राकाठच्या माणसांसारखं जेवायचं असेल, तर सुरुवात तेलापासून करू नका. कडधान्याच्या पातेल्यापासून करा.

लेक बारीला असते. इटलीच्या बुटाची टाच आठवा, तिच्या जरा वर, समुद्राला लागून हे बंदर. व्हिसा ९० दिवसांचा, म्हणून तीन महिनेच राहिलो. मी ६८, हे ७४, त्यांना रक्तदाबाची गोळी. समोरच्या दारात ८४ वर्षांच्या एक आजी राहायच्या. मला इटालियन येत नाही, त्यांना इंग्रजी नाही. लेक दारात उभी राहून इकडचं तिकडे सांगायची.

त्यांच्याकडे दर आठवड्याला 'फावे ए चिकोरिया' व्हायचं. फावा म्हणजे मोठ्या दाण्याची शेंग, तिची वाळवलेली, सोललेली डाळ. रात्री भिजवायची. सकाळी त्यात एक बटाटा, वर दोन बोटं पाणी आणि अगदी मंद आंच. फेस काढायचा, पण ढवळायचं नाही. मी सवयीने पळी घालायला गेले, तर आजींनी माझा हात धरला. दीड तासाने डाळ आपोआप फुटली. मग मीठ, आणि लाकडी चमच्याने घोटता घोटता वरून तेलाची बारीक धार. बाजूला चिकोरी, मेथीपेक्षा कडू पाला, नुसता उकडून पिळलेला. ताटात अर्धी डाळ, अर्धा पाला. पावाचा एक तुकडा, तोही ताट पुसायला. हे गरिबांचं जेवण, त्या म्हणाल्या. लहानपणी मांस परवडायचंच नाही.

एसटीच्या आगारात मी ३१ वर्षं हिशेब लिहिले. 'हे खा, शंभर वर्षं जगा' असं कोणी म्हटलं की मी बिल मागते. लेकीने अभ्यास काढून दिले. ग्रीसमध्ये आन्तोनिया त्रिकोपुलू या संशोधक बाईंनी २२ हजार लोकांचं खाणं भूमध्य पद्धतीच्या किती जवळ आहे, ते ० ते ९ गुणांनी मोजलं. २००३ साली निकाल आला: दोन गुण वर असणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सुमारे २५ टक्के कमी. गंमत अशी, की भाजी, डाळ, फळं असा एकेक पदार्थ सुटा काढला तर विशेष काही हाती लागेना. फायदा अख्ख्या ताटाचा. आमच्या वयाचा अभ्यास २००४चा: युरोपातल्या ११ देशांतले ७० ते ९० वर्षांचे २,३३९ लोक, दहा वर्षं. असं जेवणाऱ्यांत मृत्यू २३ टक्के कमी. पण ही नुसती पाहणी. नीट जेवणारा माणूस चालतोही जास्त आणि सिगारेटही कमी ओढतो, त्यामुळे सगळं श्रेय ताटाला देऊ नका. असं जेवण देऊन प्रत्यक्ष प्रयोग झाला स्पेनमध्ये, ५५ ते ८० वयाच्या ७,४४७ जणांवर. हृदयविकार, पक्षाघात वगैरे सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. कोणी कोणतं जेवण जेवायचं याचे गट पाडताना काही ठिकाणी चूक झाली होती, म्हणून तो निबंध मागे घेऊन २०१८ साली पुन्हा छापला. आकडा जवळपास तोच राहिला. आयुष्य किती वाढलं, हे मात्र त्यातून स्पष्ट दिसलं नाही. मला एवढं पुरे आहे. अंथरुणाला न खिळता पाच वर्षं मिळाली तरी चालतील.

आता आपल्या घरी. मी फावा शोधत बसले नाही, दारात कडवे वाल असताना कशाला? (फावा मिळालाच, तर एक लक्षात ठेवा: ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे द्रव्य कमी असतं, त्यांना तो बाधतो. असा त्रास आपल्याकडेही आहे.) मोड आलेले, सोललेले वाल बिरड्यासारखे न परतता आजींच्या पद्धतीने मंद शिजवायचे आणि घोटायचे. मेथी उकडून, पिळून, लसणाच्या फोडणीत घालायची. पहिल्यांदा वाढलं तेव्हा हे म्हणाले, "आजारी माणसाचं जेवण आहे हे." दुसऱ्यांदा वर कच्चा पांढरा कांदा दिला, तेव्हा मागून घेतलं. बाकी दिवस मूग, मटकी, चवळी. स्पेनवाल्यांचा हिशेब आठवड्यातून तीनदा कडधान्य असा होता. आपण महाराष्ट्रीय माणसं चारदा सहज जाऊ, फक्त उसळीची वाटी मोठी आणि भाताचा डोंगर लहान करायचा.

तेलाचं सांगायचं राहिलं. मी ते बाटलीतून काचेच्या बरणीत ओतून गॅसशेजारी ठेवलं, दिसायला छान म्हणून. दिवाळीपर्यंत त्याला मेणखडूंच्या डब्यासारखा वास यायला लागला. उजेड आणि ऊब, दोन्हींनी ते खवट होतं. घ्यायचंच तर लहान, गडद बाटली घ्या, कपाटात ठेवा, दोन-तीन महिन्यांत संपवा आणि तयार भाजीवर, कोशिंबिरीवर कच्चं घाला. फोडणीला माझं शेंगदाणा तेलच. त्यातही ऑलिव्हच्या जातीचा स्निग्धांश बराच असतो, पण अभ्यास ऑलिव्हवर झाले आहेत, तेव्हा दोन्ही एकच असं मी म्हणणार नाही. स्पेनच्या प्रयोगात एका गटाला घरटी आठवड्याला लिटरभर ऑलिव्ह तेल वाटलं, हे ऐकून ह्यांना भज्यांची आठवण झाली. ते तेल लोणी-डालड्याच्या जागी होतं, वरकड नव्हतं!

मासे खात असाल तर बांगडा, तारली. तिथले गरीबही असलेच लहान, तेलकट मासे खातात. तळू नका, तव्यावर थेंबभर तेलात भाजा. रोज मूठभर अक्रोड, बदाम. कवळी असेल तर कूट करून दह्यात. वाइनचं विचारू नका. घेत नसाल तर या निमित्ताने सुरू करायची काहीच गरज नाही.

आता माझी खरी चूक. उत्साहाच्या भरात मी ह्यांच्या भाकऱ्या दोनावरून एकीवर आणल्या, पण कडधान्य तेवढं वाढवलं नाही. दोन महिन्यांत चार किलो उतरले आणि उठताना गरगरायला लागलं. डॉक्टर माझ्यावरच रागावले: या वयात न ठरवता वजन उतरलं की स्नायू जातात, माणूस पडतो. तेव्हा काढून घेण्याआधी वाढा. प्रत्येक जेवणात डाळ, दही, अंडं किंवा मासा यांतलं एक हवंच. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नका, रोज साधारण सारखी ठेवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर फळं आणि कडधान्यं डॉक्टरांना विचारूनच.

वाल उद्या करायचे म्हटले तर जमणार नाहीत. आज रात्री भिजवा, उद्या सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधा, परवा कोमट पाण्यात टाकून सोला. दोन वाट्या वाल सोलायला एकटीला पाऊण तास लागतो. ह्यांना चष्मा लावून समोर बसवलं की पंचवीस मिनिटं, त्यातही निम्मे वाल जमिनीवर.