रेशमाच्या अळीकडून चित्र विणून घेताना

रेशमाच्या अळीला कोष करू न देता कापडावर सपाट विणायला लावायचं आणि त्यातून चित्र करायचं, असं हे काम. आमच्या निपाणीत ते करायचं तर आधी हात धुवा, साबणानं दोनदा. घरात कुणी विडी वळत असेल तर त्यांनी अळ्यांच्या खोलीत यायचं नाही. तंबाखूतलं निकोटिन रेशमाच्या अळीला विष असतं. माझी पहिली खेप अशीच गेली. आई तंबाखूच्या वखारीतून आली आणि कौतुकानं तशीच पाला घालायला बसली. सकाळी सगळ्या अळ्या हिरवट ओकून पडल्या होत्या. आई दिवसभर जेवली नाही. आता ती अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून येते. तंबाखूच्या रानाशेजारचा तुतीचा पालाही आणू नका.

अळ्या लहानपणापासून वाढवायची गरज नाही. साधारण २५ दिवस पाला खाऊन, ४ वेळा कात टाकून झालेल्या अळ्या शेतकऱ्याकडून घ्या. मी चिकोडीकडच्या एका काकांकडून आणते. ते म्हणतात, "बाई, हण्णु झाल्याशिवाय नेऊ नका." हण्णु म्हणजे पिकलेली. अशी अळी खाणं सोडते, अंग पिवळसर होऊन उजेडात आरपार दिसतं, आणि डोकं उचलून ती जागा शोधत फिरते. विणण्याआधी ती पोट रिकामं करते, म्हणून थोडा वेळ वर्तमानपत्रावर ठेवा, नाहीतर चित्रावर डाग पडतात.

अळीला कोपरा किंवा उभी कड मिळाली की ती कोष करते. तसा आधारच मिळाला नाही तर सपाट विणते. पहिल्यांदा करणाऱ्यांनी स्टीलच्या पेल्याच्या तोंडावर कागद ताणून बांधावा आणि एकच अळी सोडावी. हात बसला की कापड ताणलेली भरतकामाची रिंग घ्या. कापडाची सपाट बाजू वर ठेवून ती पालथ्या पातेल्यावर ठेवा आणि वीसेक अळ्या सोडा. खाली चादर अंथरा. पहिल्या रात्री काही खाली पडतात, हलक्या हातानं परत वर ठेवायच्या. मी त्या रात्री झोपत नाही.

आपल्या हातात असतो तो उजेड. अळ्या अंधाराकडे सरकतात आणि तिथं दाट विणतात. २०१३ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात डिझायनर नेरी ऑक्समन आणि सहकाऱ्यांनी ६,५०० अळ्यांकडून रेशमाचा मंडप विणून घेतला, तेव्हाही अळ्या अंधाऱ्या, दाट भागांकडेच गेल्या. मी एका बाजूला दिवा लावते आणि पुठ्ठा कापून त्याची सावली कापडावर पाडते. एकदा उसाच्या पात्याची सावली पाडली होती. बहुतेक अळ्या तिच्यातच राहिल्या, पण एक जण भर उजेडातून आडवी गेली आणि मागं बारीक, चमकती रेघ ठेवून गेली. वर्गात इतकी वर्षं चित्रकला शिकवते, पण तशी रेघ माझ्या हातून आली नसती. ती मी झाकली नाही.

विणणं दोन-तीन दिवस चालतं. मग अळी आखूड होते. तिला कागदाच्या पट्ट्या घातलेल्या खोक्यात ठेवा, तिथं ती कात टाकून प्युपा, म्हणजे पतंग होण्याआधीचा निपचित जीव, होते. एरवी धागा उलगडण्यासाठी कोष आतल्या जिवासकट उकळत्या पाण्यात जातो. इथं तशी वेळ येत नाही, म्हणूनच मला हे काम प्रिय आहे. रेशीम धुऊ नका, त्यातल्या डिंकामुळेच ते ताठ राहतं.

साधारण दोन आठवड्यांनी पतंग बाहेर येतात. ते खात नाहीत, उडतही नाहीत. खोक्यात कोरा कागद घालून ठेवा, अंडी त्यावरच घालतात.