यूकेत घर भाड्याने देताय? ईपीसीवाला यायच्या आधी लॉफ्टचं झाकण मोकळं करा

इंग्लंड-वेल्समध्ये घर भाड्याने द्यायचं किंवा विकायचं म्हटलं की जाहिरात टाकायच्या आधीच ईपीसी (घर ऊर्जेच्या बाबतीत किती काटकसरी ते ए ते जी ग्रेडमध्ये सांगणारं प्रमाणपत्र, ए सगळ्यात चांगला) मागवलेलं लागतं, आणि आपल्यातले बरेच जण ते एजंटच्या गळ्यात टाकून मोकळे होतात. मीपण तेच केलेलं. असेसर (घर तपासून ईपीसी बनवणारा) आला तेव्हा मी ऑफिसात, लॉफ्टच्या (छपराखालच्या माळ्याच्या) झाकणाखाली भाडेकरूचं भलंमोठं कपाट, त्याला वर डोकावताच आलं नाही, मग वर चांगलं जाड इन्सुलेशन (उष्णता बाहेर जाऊ न देणारा थर) असूनही त्याने घराच्या वयावरून जे गृहीत धरायचं ते धरलं आणि गुण आले ६४, म्हणजे डी. सी सुरू होतो ६९ ला. पुन्हा पैसे भरून पुन्हा असेसर बोलवला.

तर मुद्दा हा की असेसर डोळ्यांना दिसेल किंवा कागदावर सिद्ध होईल तेवढंच धरतो. तो भिंतीला भोक पाडत नाही, फरशी उचकटत नाही, आणि तुमच्या "अहो केलंय हो आम्ही" ला काही किंमत नाही.

सगळ्यात आधी सरकारी रजिस्टरवर पोस्टकोड टाकून बघा, फुकट असतं. ईपीसी १० वर्षं चालतं, त्यामुळे आधीच्या मालकाचं अजून चालू असेल तर उगाच खर्च कशाला. अर्थात मध्ये बॉयलर-खिडक्या बदलल्या असतील तर नवीन केलेलं बरं. साधारण ६० ते १२० पाउंडात होतं, घर मोठं असेल तर जास्त. असेसर अधिकृत आहे का तेही त्याच सरकारी साइटवर शोधता येतं. स्कॉटलंडवाल्यांचे नियम आणि रजिस्टर वेगळं, त्यांनी हे जसंच्या तसं घेऊ नये.

भाड्यासाठी किमान ई लागतो. १ एप्रिल २०१८ पासून नव्या करारांना आणि १ एप्रिल २०२० पासून चालू भाडेकरू असलेल्या घरांनाही. एफ किंवा जी आला तर सुधारणांवर व्हॅट धरून ३,५०० पाउंडांपर्यंत खर्च करायचा, तरी ई होत नसेल तर एक्झेम्प्शन (सवलतीच्या) रजिस्टरवर रीतसर नोंद करायची. ही नोंद आपोआप होत नाही, आपणच करायची असते, आणि नियम मोडला तर दंड एका घरामागे ५,००० पाउंडांपर्यंत जाऊ शकतो. वर सरकारचा रोख २०३० पर्यंत भाड्याची घरं सी ला नेण्याकडे आहे, म्हणून आज ई आला तरी हात झटकून बसू नका.

आता असेसर यायच्या दिवसाची तयारी. लॉफ्टचं झाकण मोकळं ठेवा, भाडेकरूला दोन दिवस आधी मेसेज करा. वरच्या इन्सुलेशनची जाडी टेप लावून मोजली जाते, २७० मिमी असेल तर उत्तम. खिडक्या, बॉयलर, कॅव्हिटी वॉल (आत पोकळी असलेली भिंत) इन्सुलेशनने भरली असेल तर तिची गॅरंटी, हे सगळे कागद एका फाइलीत. बाहेरची भिंत स्वतःच बघून घ्या, विटांच्या फक्त लांब बाजू दिसत असतील तर बहुधा आत पोकळी असते, एक लांब एक आखूड असं आलटून पालटून दिसलं तर बहुधा भरीव भिंत. पोकळी भरलेली असली की सांध्यांमध्ये ठरावीक अंतरावर नाण्याएवढी बुजवलेली भोकं दिसतात, ती असेसरला नेऊन दाखवा. जून २०२५ पासून नव्या पद्धतीत प्रत्येक खिडकीचं माप घेतात, म्हणून एकही खोली कुलूपबंद नको. बल्ब सगळे एलईडी करून टाका, स्वस्तात होतं.

फ्लॅटवाल्यांचा नेहमीचा वैताग म्हणजे हीटर इलेक्ट्रिक, सगळं चकाचक, तरी ग्रेड खाली का? कारण गुण काढताना घर गरम ठेवायला अंदाजे किती खर्च येईल ते बघतात आणि वीज गॅसपेक्षा बरीच महाग. तिथे साधे पॅनल हीटर काढून चांगले स्टोरेज हीटर (उष्णता साठवून नंतर देणारे) लावले तर फरक पडतो, नुसत्या रंगरंगोटीने काही होत नाही.

रिपोर्ट हातात आला की "assumed" म्हणजे गृहीत असं जिथे लिहिलंय ती प्रत्येक ओळ तपासा. कागद असूनही धरलं नसेल तर लगेच असेसरला फोन करा, ऐकलं नाही तर त्याच्या ॲक्रेडिटेशन स्कीमकडे (त्याला मान्यता देणाऱ्या संस्थेकडे) तक्रार करता येते. शेवटी सुधारणांची यादी असते, त्यात सोलर वगैरे बघून हुरळून जाऊ नका, आधी लॉफ्ट, गरम पाण्याच्या टाकीचं जॅकेट, थर्मोस्टॅट, मग बॉयलर, सोलर सगळ्यात शेवटी. जाहिरातीत ग्रेड टाकायची आणि भाडेकरूला ईपीसीची कॉपी फुकट द्यायची, ईमेलने पाठवा म्हणजे दिल्याचा पुरावाही राहतो.