बूच किती खोल बांधायचं?

हतनूर धरण असो की वाघूर, खान्देशात गळ टाकणारे आमिषावर तासभर वाद घालतात आणि बूच, म्हणजे दोराला बांधलेला तरंगता तुकडा, मात्र बांधतात अंदाजानेच. आधी मासा कुठल्या थरात चरतो ते बघा. कटला वरच्या पाण्यात, रोहू मधल्या, मृगळ थेट तळाशी. कटल्यासाठी बूच गळाच्या जवळ बांधा, रोहूसाठी बूच आणि गळ यांमधला दोर वाढवा. मृगळ हवा असेल तर शिसं लावून आमिष तळाला टेकवा. कणकेत शेंगदाण्याची पेंड मिसळली की गोळा वासाला चढतो, महागडं तयार आमिष माझ्या मते फुकटचा खर्च. उन्हाळ्यात भल्या पहाटेच बसा. बरेच जलाशय मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, म्हणून आधी विचारा. पावसाळ्यात धरणाच्या दरवाजांच्या खालच्या बाजूला अजिबात बसू नका.